सैनिक, शील आणि चीवर
(धम्म-पाठ : नवदीक्षित कुटुंबांसाठी)

उपासक-उपासिकांनो,

एका विहारात रविवारच्या वंदनेला एक आजोबा नियमाने येतात. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. १९७१ च्या युद्धात ते आघाडीवर होते. त्यांच्या कुटुंबाने अलीकडेच अशोक विजयादशमीला धम्मदीक्षा घेतली. आजोबा पांढरी वस्त्रे नेसून पुढच्या रांगेत बसतात आणि त्रिशरण खणखणीत आवाजात म्हणतात. पंचशील सुरू झाले की पहिल्या शीलापाशी मात्र त्यांचे ओठ मिटतात. दुसऱ्या शीलापासून त्यांचा आवाज पुन्हा सर्वांत मिसळतो.

ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. त्यांच्या नातीच्या आली. तिने घरी आल्यावर विचारले, "आजोबा, पहिले शील तुम्ही का म्हणत नाही?"

आजोबा म्हणाले, "बाळ, ज्या हातांनी माणसे मारली ते हात जोडून 'मी प्राणिहिंसा करणार नाही' असे कसे म्हणू? ते खोटे होईल. मग चौथे शीलही मोडेल."

नात गप्प झाली. तिने हा प्रश्न विहारात आणला आणि तेथून तो या पाठात आला. हा प्रश्न एकट्या त्या आजोबांचा नाही, म्हणून आज आपण त्याचा नीट अभ्यास करू.

प्रश्न आपल्या घरातला आहे

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत लष्कराचा वारसा आहे. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते, आणि बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू या लष्करी छावणीत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची लष्करातील भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा १९१७ साली एक महार पलटण उभारली, आणि गरज संपताच ती मोडून टाकली. पुढे बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ज्या समाजाला गावात माणूस म्हणून उभे राहू दिले जात नव्हते, त्याला लष्कराच्या गणवेशाने ताठ मानेने उभे केले. त्या गणवेशाचा अभिमान आपण बाळगतो आणि तो रास्त आहे.

पण दीक्षा घेतल्यावर त्याच घरात पंचशील येते, आणि पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. मग घरातल्या निवृत्त जवानाने काय करावे? सीमेवर असलेल्या मुलाने काय समजावे? आपला धम्म त्यांना बाहेर ठेवतो काय?

या प्रश्नाचे उत्तर केवळ सूत्रे सांगून पटणार नाही. म्हणून प्रथम एका सैनिकाचे जीवन पाहू. तो आपल्या देशातला नाही, आपल्या संप्रदायातलाही नाही. पण त्याने युद्धातून चीवरापर्यंतची वाट स्वतः चालून पाहिली आहे.

क्लॉड थॉमस यांचे युद्ध

क्लॉड थॉमस यांचा जन्म १९४७ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात झाला. वडील दुसऱ्या महायुद्धातले सैनिक. युद्ध म्हणजे मर्दुमकी हेच त्यांनी लहानपणापासून ऐकले. वयाच्या सतराव्या वर्षी ते आपण होऊन सैन्यात भरती झाले.

त्या वेळी अमेरिकेचे युद्ध व्हिएतनाममध्ये चालू होते. व्हिएतनाम हा शेकडो वर्षांपासून बुद्धाला मानणारा देश. १९६५ पासून अमेरिकेने तेथे आपले पायदळ मोठ्या संख्येने उतरवले, आणि युद्ध संपायला ३० एप्रिल १९७५ हा दिवस उजाडावा लागला. अमेरिकेचे ५८ हजारांहून अधिक सैनिक त्यात कामी आले. व्हिएतनामी माणसांच्या मृत्यूची मोजदाद लाखांनी करावी लागते, आणि त्यांत बायका, मुले, म्हातारी माणसेही होती.

थॉमस १९६६-६७ या काळात तेथे हेलिकॉप्टरवर होते. हेलिकॉप्टरची देखभाल करायची आणि उडताना दाराशी बसून मशीनगन चालवायची, हे त्यांचे काम. त्यांचे हेलिकॉप्टर पाच वेळा शत्रूच्या माऱ्याने खाली आले. ते जखमी झाले. त्यांना शौर्याची पदके मिळाली. जखमी सैनिकांना देतात ते 'पर्पल हार्ट'ही मिळाले. आणि शेकडो माणसांच्या मृत्यूला आपण जबाबदार आहोत हे त्यांनी स्वतः, काहीही न लपवता, सांगितले आहे. तेव्हा त्यांचे वय वीसच्या आसपास होते. आपल्याकडे त्या वयाचा मुलगा कॉलेजात असतो.

घरी परतल्यावरचे युद्ध

१९६८ साली ते सन्मानाने सैन्यातून मुक्त झाले. कागदोपत्री युद्ध संपले होते, त्यांच्या शरीरात ते चालूच होते. रात्री झोप येत नसे. दुकानात फळीवरचा भाजीचा डबा उचलताना त्याखाली सुरुंग असेल अशी भीती वाटे. माणसांत मन रमत नसे. दुःख दाबण्यासाठी दारू आली, मग अमली पदार्थ आले. संसार टिकला नाही. काही काळ तर डोक्यावर छप्परही उरले नाही.

असे हजारो सैनिकांचे झाले. अखेर १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी या दुखण्याला आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले. आपल्याकडे त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. म्हणजे हे भेकडपण नव्हे, वेड नव्हे, बाहेरचे काही लागणेही नव्हे. जी भीती प्रत्यक्ष प्रसंगी माणसाचा जीव वाचवते, तीच प्रसंग टळल्यावरही शरीर सोडत नाही, आणि माणूस जुन्या क्षणात पुन्हा पुन्हा सापडतो.

येथे एक वर्ष लक्षात ठेवा : १९८३. त्या वर्षी थॉमस यांनी दारू आणि अमली पदार्थ कायमचे सोडले. तोपर्यंत त्यांची धम्माशी भेट झालेली नव्हती. पण वाट तेथूनच सुरू झाली. नशेने दुःख मिटत नाही, ते फक्त पुढच्या दिवसावर ढकलले जाते. पाचवे शील आपण शेवटी म्हणतो, पण मोडलेल्या माणसाला सावरायचे तर पुष्कळदा तेथूनच आरंभ करावा लागतो.

ज्यांना शत्रू मानले त्यांच्या दारी

दारू सुटली तरी आतली जखम उघडीच होती. १९९० च्या सुमारास कोणीतरी त्यांना सांगितले की एक व्हिएतनामी बौद्ध भिक्खू अमेरिकन सैनिकांसाठी ध्यानाचे शिबिर घेत आहेत. व्हिएतनामी! ज्यांच्यावर गोळ्या झाडायला शिकवले होते त्यांच्यातलाच एक. थॉमस यांना जावेसे वाटेना. तरीही शेवटी ते गेले.

ते भिक्खू म्हणजे थिक न्यात हान. यांची ओळख आपणांस असली पाहिजे. त्यांचा जन्म १९२६ सालचा. सोळाव्या वर्षी ते व्हिएतनाममधील ह्वे शहराजवळच्या विहारात श्रामणेर झाले. युद्ध पेटले तेव्हा विहारात डोळे मिटून बसणे त्यांना पटले नाही. तरुण स्वयंसेवकांना शिकवून त्यांनी जळालेली खेडी पुन्हा बांधली, शाळा काढल्या, औषधपाणी पोचवले. त्यांनी दोन्ही बाजूंपैकी कोणाचीही तळी उचलली नाही, म्हणून दोन्ही बाजू त्यांच्यावर रागावल्या. १९६६ साली ते शांततेचे आवाहन करायला परदेशी गेले, आणि त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे त्यांना मायदेशी परतता आले नाही. अमेरिकेतील काळ्या लोकांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ साली नोबेल शांतता पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले होते. २२ जानेवारी २०२२ रोजी, ज्या विहारात ते श्रामणेर झाले तेथेच, त्यांचे निधन झाले.

त्यांच्यासमोर बसल्यावर थॉमस यांना पहिल्यांदाच जाणवले की व्हिएतनामी माणसाकडे आपण आजवर शत्रू म्हणूनच पाहत आलो. माणूस म्हणून कधी पाहिलेच नव्हते. शिबिरात भंतेंनी सैनिकांना पापी म्हणून दूर लोटले नाही, आणि तुमचा काही दोष नाही असे गोड बोलून समजूतही काढली नाही. युद्धाचे दुःख काय असते हे तुम्हाला आतून ठाऊक आहे, ते तुम्ही समाजाला दाखवले पाहिजे, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. सैनिकाला युद्धावर पाठवणारा समाज घरी बसला म्हणून निर्दोष ठरत नाही, हीही त्यांची शिकवण होती.

त्यानंतर भंतेंच्या ज्येष्ठ सहकारी भिक्खुणी चान खाँग यांनी थॉमस यांना फ्रान्समधील त्यांच्या 'प्लम व्हिलेज' या विहारात येऊन राहण्याचे निमंत्रण दिले. तेथे मायदेश सोडून आलेली पुष्कळ व्हिएतनामी माणसे राहत होती. ज्यांचे घरदार युद्धाने गेले, त्यांच्या पंक्तीला बसून हा माणूस जेवू लागला. कोणी त्याला हाकलले नाही. विचार करा, अशा वेळी घास घशाखाली उतरणे किती कठीण असेल!

तेथे त्यांना कसलाही मंत्र मिळाला नाही, कोणी गंडादोरा बांधला नाही. शिकवले ते इतकेच : श्वास आत येतो आहे हे जाणा, बाहेर जातो आहे हे जाणा. आठवण उसळली तर ती उसळली आहे हे जाणा, तिच्यामागे धावू नका, तिच्यापासून पळूही नका. हेच तथागतांनी सतिपट्ठानात सांगितले आहे. वेदना उठते तेव्हा एरवी माणूस लगेच काहीतरी करून बसतो. तो ओरडतो, हात उगारतो किंवा बाटली उघडतो. स्मृती जागी असली तर वेदना आणि कृती यांच्यामध्ये एका श्वासाची जागा तयार होते, आणि त्या जागेत माणूस मोकळा होतो. थॉमस यांच्या आठवणी गेल्या नाहीत. पूर्ण झोपही परतली नाही. पण आठवणी आल्या तरी त्या त्यांना फरपटत नेईनाशा झाल्या.

चीवर : लपण्याची जागा नव्हे

विहारजीवनाची ओढ लागल्यावर थॉमस पुढे गेले. बर्नी ग्लासमन नावाच्या अमेरिकन झेन गुरूंकडून १९९५ साली त्यांनी जपानी सोतो झेन परंपरेची दीक्षा घेतली. या परंपरेचे नियम आपल्याकडच्या थेरवादी भिक्खूंच्या विनयाहून निराळे आहेत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. दीक्षेनंतर त्यांचे नाव क्लॉड आनशिन थॉमस झाले.

दीक्षेच्या आगेमागेच ते एका शांतियात्रेत सामील झाले. ही यात्रा १९९४ च्या अखेरीस पोलंडमधील ऑशविट्झ येथून निघाली. तेथे दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या राजवटीने दहा लाखांहून अधिक माणसे मारली, त्यांतली बहुसंख्य ज्यू होती. तेथून निघून, युद्धाने पोळलेल्या प्रदेशांतून वाट काढीत, थॉमस व्हिएतनामपर्यंत गेले. ज्या भूमीवर ते एकेकाळी वरून गोळ्या झाडत होते, त्याच भूमीवर ते पायी उतरले. पुढे १९९८ साली ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडील न्यूयॉर्क राज्यातून पश्चिमेला कॅलिफोर्नियापर्यंत पायी चालत गेले. जवळ पैसा ठेवायचा नाही, वाटेत अन्न आणि रात्रीचा आसरा मागायचा, दिला तर घ्यायचा, नाकारला तर राग न धरता पुढे जायचे, असा त्यांचा नेम होता. कित्येक दारे त्यांच्या तोंडावर बंद झाली. २००४ साली त्यांनी आपली कहाणी पुस्तकरूपाने लिहिली. तुरुंगांत, शाळांत, सैनिकांच्या मेळाव्यांत ते आपले अनुभव सांगत आले आहेत.

यातून काय दिसते? चीवर अंगावर घेतल्याने मागचे पुसले गेले असे थॉमस यांनी कधी म्हटले नाही. त्यांनी उलट आपल्या कर्माचे ओझे उघड्यावर आणले. चीवरात लपायचे असते तर ते एखाद्या डोंगरावर जाऊन बसले असते, व्हिएतनामला पायी गेले नसते.

येथे अंगुलिमालाची आठवण होते. तो भिक्खू झाला म्हणून श्रावस्तीच्या लोकांनी त्याला लगेच वंदन केले नाही. भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी दगड मारले, डोके फुटले, पात्र फुटले, संघाटी फाटली. रक्ताने माखून तो तथागतांकडे आला. तथागतांनी चमत्कार करून जखमा बुजवल्या नाहीत. केलेल्या कर्माचे हे फळ आहे, ते सहन कर, असे सांगितले. पण संघाबाहेर काढले नाही. दार उघडे ठेवले, आणि हिशेबही खरा ठेवला. धम्माची रीत ती ही.

तथागतांनी सैनिकांना काय सांगितले?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तीन प्रसंग ध्यानात ठेवा.

पहिला प्रसंग विनयपिटकातील महावग्गातला. मगधाच्या सीमेवर बंडाळी माजली. बिंबिसार राजाने सैन्य पाठवले. काही योद्ध्यांना वाटले, हे हिंसेचे काम आपल्याला नको. ते जाऊन भिक्खू झाले. राजाने तथागतांकडे तक्रार केली. तेव्हा राजसेवेत असलेल्याला प्रव्रज्या देऊ नये असा नियम तथागतांनी केला. आजही उपसंपदेच्या वेळी जे प्रश्न विचारतात त्यांत तू राजसेवेत नाहीस ना, हा एक प्रश्न असतो. अंगावरची जबाबदारी टाळण्यासाठी चीवर घेता येत नाही, हा त्याचा अर्थ.

दुसरा प्रसंग संयुत्त निकायातील योधाजीव सुत्तातला. योद्ध्यांचा एक प्रमुख तथागतांना विचारतो की लढता लढता मेलेल्याला स्वर्ग मिळतो असे आमचे आचार्य सांगत आले, आपले काय मत आहे? तथागत दोनदा म्हणाले, हे विचारू नकोस. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी सांगितले की समोरचे मरावेत अशा विचाराने भरलेले मन त्या क्षणी हीन अवस्थेत असते, त्यातून स्वर्ग मिळतो ही समजूतच खोटी आहे. तो योद्धा रडू लागला. तथागतांच्या शब्दांनी तो दुखावला नव्हता. आचार्यांनी इतकी वर्षे आपल्याला फसवले, याचे ते रडू होते. रणात मेलास तर स्वर्ग, हे आमिष आपल्या देशातल्या धर्मग्रंथांनीही दाखवले आहे. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे केले नाही त्यांनाही रणातला स्वर्ग मात्र खुशाल देऊ केला! तथागतांनी सैनिकाला आमिष दाखवले नाही, सत्य सांगितले.

तिसरा प्रसंग वैशालीच्या सिंह सेनापतीचा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तो दिला आहे. घरादाराच्या, बायकामुलांच्या रक्षणासाठी केलेले युद्धही चूक आहे काय, असे सेनापती विचारतो. माणसाने माणसाला मारणे ही शोचनीयच गोष्ट, पण शांततेचे सर्व उपाय संपल्यावर ज्यांना युद्धात उतरावे लागते त्यांना दोष लावता येत नाही, असा तेथील उत्तराचा आशय आहे. त्याच ग्रंथात बाबासाहेब मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद करतात, आणि तथागतांनी अहिंसेला आंधळा नियम न करता जीवनाचे तत्त्व केले असे दाखवतात. सिद्धार्थाने रोहिणीच्या पाण्यासाठी कोलियांशी युद्ध करण्यास विरोध केला आणि त्यासाठी घर सोडले, हेही बाबासाहेबांनीच आपल्याला सांगितले. पाण्याचे भांडण वाटाघाटीने सुटू शकत होते, म्हणून ते युद्ध गरजेचे नव्हते. दोन्ही गोष्टी एकत्र वाचा, म्हणजे तत्त्व कळेल.

पण येथे थांबू नका. एक बारीक गोष्ट आहे. दोष नसणे आणि दुःख नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशाच्या रक्षणासाठी लढलेल्या आजोबांना आपण दोष देत नाही. तरीही समोर पडलेल्या माणसाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून जात नाही. "तुम्ही तर देशासाठी लढलात, वाईट कशाला वाटून घेता?" असे आपण म्हणतो तेव्हा आपण दोषाचे उत्तर देतो, त्यांचे दुःख तसेच राहते. उलट ज्याला मारल्याचे दुःखच होत नाही त्याची आपण काळजी केली पाहिजे. आजोबांचे ओठ पहिल्या शीलापाशी मिटतात ते त्यांच्या अंतःकरणात मैत्री जागी आहे म्हणूनच.

शीलाचे शब्द नीट वाचा

आता आजोबांच्या शंकेचे उत्तर शीलाच्या शब्दांतच शोधू. 'पाणातिपाता वेरमणी' यातील 'वेरमणी' म्हणजे परावृत्त होणे, दूर राहणे. त्यापुढे 'सिक्खापद' हा शब्द येतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम, शिक्षणाची पायरी. शेवटी 'समादियामि', म्हणजे मी ग्रहण करतो. ग्रहण करतो हे आजचे क्रियापद आहे. 'मी आजवर कधी प्राणिहिंसा केली नाही' असे आपण तेथे म्हणतच नाही! शील हा मागच्या आयुष्याचा दाखला नव्हे. या क्षणापासून मी हे शिकणार, एवढीच ती प्रतिज्ञा आहे.

म्हणून हवालदार आजोबांनी पहिले शील म्हटले तर चौथे शील मोडत नाही. ज्याने कधी बंदूक पाहिली नाही त्यापेक्षा हे शील त्यांना अधिक खोलवर कळलेले आहे. सम्राट अशोकाकडे पाहा. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख परागंदा केली गेली, हे त्याने स्वतः तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले. आपला पराक्रम म्हणून नव्हे, आपला पश्चात्ताप म्हणून. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षेसाठी जो दिवस निवडला, तो अशोक विजयादशमीचा. रक्ताने माखलेल्या हातांनी धम्म धरलेल्या माणसाच्या नावाने आपण दरवर्षी तो दिवस साजरा करतो. मग आपल्याच घरातल्या सैनिकाला शील म्हणण्याचा संकोच का वाटावा?

आणि जो मुलगा आज सैन्यात आहे त्याचे काय? त्याने उपासक म्हणून आपले कर्तव्य करावे. पण शत्रूविषयी द्वेष पोसू नये, शरण आलेल्याला, नि:शस्त्राला, बायकामुलांना इजा करू नये, आणि मारण्याची इच्छा मनात घर करू लागली तर तिला वेळीच ओळखावे. शील त्याच्याकडून एवढी जागरूकता मागते.

कुटुंबाने काय करावे?

धम्म वाचून संपत नाही, तो घरात आचरायचा असतो. म्हणून ज्या घरात निवृत्त सैनिक आहे त्या घराने पुढील गोष्टी कराव्यात.

एक. सैनिकाला बोलते करू नका, पण तो बोलू लागला तर ऐका. "किती मारले?" हा प्रश्न मुलांनी गंमत म्हणून विचारू नये, हे त्यांना शिकवा. तो बोलत असताना मध्ये उपदेश करू नका आणि शौर्याच्या गोष्टीही घालू नका.

दोन. कॅन्टीनची बाटली घरात येऊ देऊ नका. "फौजी माणूस आहे, थोडी घेणारच," असे म्हणून आपण त्याच्या दुःखावर झाकण ठेवतो. थॉमस यांची वाट १९८३ साली तेथूनच सुरू झाली, हे सांगा. सोडताना अंग थरथरले, झोप उडाली, भ्रम झाला तर हट्टाने घरी ठेवू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. फार दिवसांची दारू एकदम तुटली तर जिवाला धोका होऊ शकतो.

तीन. रात्री दचकून उठणे, फटाक्यांच्या आवाजाने थरकाप होणे, विनाकारण संताप, माणसांत न मिसळणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, ही दुखण्याची लक्षणे आहेत. देवर्षी, भगत, अंगारा यांच्याकडे जाऊ नका. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला ते शोभतही नाही. लष्करी रुग्णालयात किंवा सरकारी इस्पितळात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. ध्यानाला औषधाची जोड घेण्यात कमीपणा नाही. तथागतांनीही आजारी भिक्खूंना औषधे घेण्याची अनुज्ञा दिली होती.

चार. रोज संध्याकाळी वंदनेनंतर सगळ्या कुटुंबाने दहा मिनिटे आनापानसती करावी. एकट्या सैनिकाला ध्यानाला बसवू नका, सगळे बसा. डोळे मिटून बसल्यावर त्याला जुनी दृश्ये दिसू लागली तर डोळे उघडे ठेवून बसू द्या, किंवा अंगणात संथ पावले टाकीत चालू द्या. चालतानाही स्मृती ठेवता येते.

पाच. प्रव्रज्येची ओढ वाटली तर तिचा आदर करा, पण घाई नको. घरच्यांशी बोलून, विहारातील भंतेंचा सल्ला घेऊन प्रथम थोड्या दिवसांचा श्रामणेर म्हणून अनुभव घ्यावा. घर नकोसे झाले म्हणून चीवर, हे कारण पुरेसे नाही. चीवर अंगावर आल्यावर माणसाला स्वतःपासून पळता येत नाही, उलट स्वतःसमोर बसावे लागते.

त्या आजोबांच्या नातीने हा पाठ घरी वाचून दाखवावा अशी आमची इच्छा आहे. येत्या रविवारी पहिल्या शीलापाशी ते काय करतील ते त्यांचे त्यांनी ठरवावे. त्यांना कोणी आग्रह करू नये. पण तिने त्यांच्या शेजारी बसावे आणि स्वतः ते शील सावकाश, प्रत्येक शब्द कळून म्हणावे. तिच्या आवाजाला साथ द्यावीशी वाटली तर आजोबांना शब्द पाठ आहेतच.

अभ्यासासाठी प्रश्न (कुटुंबाने एकत्र बसून चर्चा करावी)

१. 'सिक्खापद' आणि 'समादियामि' या शब्दांचा अर्थ काय? शील हा मागच्या आयुष्याचा दाखला का नाही?
२. बिंबिसाराच्या सैनिकांच्या प्रसंगानंतर तथागतांनी कोणता नियम केला आणि का?
३. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतील भेद रोहिणीच्या पाण्याच्या वादाला लावून पाहा.
४. दोष नसणे आणि दुःख नसणे यांत काय फरक आहे? आपल्या घरातील उदाहरण द्या.
५. अंगुलिमालाला दगड मारले गेले तेव्हा तथागतांनी त्याला काय सांगितले? क्लॉड थॉमस यांच्या जीवनाशी त्याची तुलना करा.

भवतु सब्ब मंगलम्।
नमो बुद्धाय! जयभीम!